तिसरी घागर

बोरगाव मेघेत सुमती देवतळेला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे दहावीला ती आनुवंशिकतेचा धडा जसा शिकवायची तसा अख्ख्या वर्धेत कोणी शिकवत नव्हतं, असं तिचे जुने विद्यार्थी अजूनही सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा मुलगा निशांत. पहिली गोष्ट लोक तिच्या तोंडावर बोलायचे आणि दुसरी ती पुढं गेली की मागून.

धडा शिकवायची तिची एक रीत होती. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवायचं, आपलंच घर घेऊ, असं म्हणून ती खडू उचलायची आणि फळ्यावर आपल्या सासरचा वंशवृक्ष काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वर सासू-सासरे. खाली त्यांची तीन लेकरं: थोरल्या नणंद कौशल्याबाई, मधले दीर रूपराव आणि धाकटे केशवराव, म्हणजे तिचे यजमान. मग कोणाच्या कानाची पाळी चिकटलेली आणि कोणाची सुटी, ते बघून एकेक चौकोन आणि गोल भरायचा. रूपरावांचा चौकोन मात्र कोराच राहायचा, कारण तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. ऐन तरुणपणात ते नर्मदा परिक्रमेला गेले ते परतलेच नाहीत, असं तिला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. पोरं मुद्दाम विचारायची, मॅडम, यांच्या कानाचं काय? ती म्हणायची, परत आले की बघून सांगते. वर्ग हसायचा आणि तीही हसायची.

निशांत तिचा एकुलता एक. अभ्यासात असा तल्लख, की दहावीनंतर त्याला कोट्याला पाठवायचं हे सुमतीनं स्वतःच ठरवून टाकलं. केशवराव पुलगावच्या दारूगोळा डेपोत कारकून होते, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन नोकरी करायचे, स्वभावानं गरीब. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं की वर्धेत काय कॉलेजं नाहीत? सुमतीनं ऐकलं नाही. सेवाग्राम स्टेशनवर गाडी लागली तेव्हा निशांत डब्यात चढेना. दांडीला धरून नुसता उभा. गाडी सुटायची वेळ झाली, मागची माणसं ओरडायला लागली, आणि सुमतीनं सगळ्यांदेखत त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. तो चढला.

वर्ष पुरं व्हायच्या आत तो परत आला. होस्टेलच्या खोलीतला पंखा आपल्याबद्दल बोलतो, असं म्हणत होता. आपण मनात जे म्हणतो ते बाजूच्या पोरांना ऐकू जातं, म्हणून मनात काही म्हणायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं आणि त्यापायी अभ्यास बंद पडला होता. आल्यावर पहिल्या सकाळी तो समोरच्या पायरीवर बसला होता, मान कलती, डावा तळहात कानावर गच्च दाबलेला. केशवराव चहाचा कप घेऊन बाहेर आले, त्यांनी पोराकडे पाहिलं आणि कप त्यांच्या हातातून निसटून फरशीवर फुटला. बापाचं काळीज आहे, असं सुमतीला वाटलं. तिनं काचा वेचल्या.

सासूबाई, लीलाबाई, तेव्हा होत्या. त्यांनी निकाल देऊन टाकला. मायनंच धाडलं, मायनंच मारलं, पोराचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? आल्यागेल्याला त्या हेच सांगायच्या. केशवराव त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पेपर उघडून बसायचे. सुमतीनं त्या गप्पपणाचा अर्थ लावला आणि आरोप मुकाट्यानं पदरात घेतला. वरून तिला आधार होता तिच्याच विषयाचा. पुढं डॉक्टरांकडं जाणं सुरू झालं तेव्हा प्रत्येक डॉक्टरनं हाच प्रश्न विचारला, घरात आधी कोणाला असा त्रास होता का? केशवराव दर वेळी सांगायचे, कोणी नाही. सुमतीच्या माहेरी तर नव्हतंच. रक्तात नाही, म्हणजे बाहेरून आलं. बाहेरून काय आलं? तर ती थोबाडीत. गणित सोडवावं तसं तिनं हे सोडवलं होतं आणि उत्तर दर वेळी तेच यायचं.

तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली. आणि एक नेम धरला, कोणी सांगितला नव्हता तरी धरला. निशांत जेवल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. आता निशांत कधी बाराला जेवे, कधी चारला, कधी ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून पडून राही. सुमती तशीच उपाशी घरात वावरे. केशवराव वेळेवर जेवून घेत, कारण त्यांना ॲसिडिटी होती.

डॉक्टरांकडं गेले म्हटलं खरं, पण त्याआधी दीड वर्ष वाया गेलं होतं. गंडे झाले, दोरे झाले, कुठल्या कुठल्या महाराजांच्या पायऱ्या चढून झाल्या. विज्ञानाची शिक्षिका ती, मनातून शरमेनं मेल्याहून मेल्यासारखी होत असे, पण जात असे. गुन्हा आपला आहे म्हटल्यावर शिक्षा कुठली घ्यायची हे आपण थोडंच ठरवणार? डॉक्टरचं नाव काढलं की केशवरावच आडवे येत. पोरावर वेड्याचा शिक्का बसेल, म्हणत. शेवटी जेवणात कोणी विष घालतं म्हणून निशांतनं अन्न सोडलं आणि सुमतीच्या शाळेतल्या मैत्रिणींनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठं गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी अर्धा निशांत परत आला. पंखा गप्प झाला. उरलेल्या अर्ध्याची वाट बघण्यात पुढची वर्षं गेली. कोट्याहून परतल्याला आता बारा वर्षं झालीत आणि तो अठ्ठावीस वर्षांचा आहे.

या घरात आणखी एक रीत होती आणि तिचा सुमतीला मनापासून अभिमान होता. आपल्याकडं अक्षय तृतीयेला घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यात वाळा टाकलेलं गार पाणी, वर आंबा ठेवायचा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पूजा करायची. सासूबाई असताना सासऱ्यांची घागर असे आणि बाजूला एक लहान घागर. नव्या नवरीनं, म्हणजे सुमतीनं, विचारलं होतं की ही कोणाची? सासूबाई म्हणाल्या होत्या, ज्याचं कोणी नाही त्याची. ती भरताना नाव घ्यायचं नाही, नुसतं पाणी भरायचं. सुमतीला ते इतकं भावलं की काय सांगावं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत ती मोठेपणानं सांगायची, आमच्या घरात अनोळखी वाटसरूलाही पाणी ठेवतात. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची घागर वाढली, आणि ती लहान घागर तिसरी झाली. दर वर्षी कुंभाराकडून सुमतीच निवडून आणायची, न गळणारी, वाजवून बघून.

यंदा चैत्रात कौशल्याबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तळेगावहून बोरगावला आल्या. आष्टी तालुक्यातलं श्यामजी पंताचं तळेगाव, ते देवतळ्यांचं मूळ गाव. कौशल्याबाई विधवा झाल्यापासून तिथल्या घरी एकट्याच राहायच्या. ऑपरेशन झालं, डोळ्याला काळा चष्मा लागला. त्याच दवाखान्यात निशांतची तपासणी होती, म्हणून त्यांनाही सोबत नेलं. निशांतच्या डॉक्टर नव्या होत्या, इला नावाच्या, वयानं लहान पण घाई न करणाऱ्या. जुन्या गोळ्यांनी आणखी फरक पडत नाही तर दुसरं औषध सुरू करावं, त्यासाठी रक्त तपासावं, असं त्यांचं म्हणणं होतं. निशांतला रक्त द्यायला पाठवून त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून विचारायला घेतली.

घरात आधी कोणाला आवाज ऐकू येणं, संशय येणं, असं काही? केशवरावांनी नेहमीसारखं सुरू केलं, नाही मॅडम, आमच्याकडं कोणी. त्यांचं वाक्य संपायच्या आत कौशल्याबाई बोलल्या. यंदा वावरात काय पेरलं हे सांगावं इतक्या सहज बोलल्या.

"आमचा रूपराव तसाच होता न. असाच कानावर हात ठेवून बसे."

"ताई," केशवराव हळूच म्हणाले.

कौशल्याबाईंनी काळ्या चष्म्यातून आधी भावाकडे आणि मग भावजयीकडे पाहिलं. त्यांना खरंच काही कळेना.

"काऊन? सुमतीले माहीत नाई का? तेच त त्याची घागर भरते, दर साली."

सुमतीच्या कानावर शब्द आले पण आत शिरेनात. पहिला विचार आला तो अगदीच वेडगळ. फळ्यावरचा तो कोरा चौकोन तिच्या डोळ्यांपुढं आला, आणि वर्गाचं हसू ऐकू आलं. मग तिला फुटलेला कप दिसला. ज्याची आपण आयुष्यभर थट्टा केली, परत आले की बघून सांगते म्हणालो, त्याला पाणी पाजणारे हातही आपलेच. घागर भरायची ती मेलेल्याची. जिवंत माणसाची कोणी भरत नाही. म्हणजे परिक्रमा नव्हती. नर्मदा नव्हती. तीस वर्षं ती ज्या घरात नांदली, त्या घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

डॉक्टर इलांनी तिला पाणी दिलं आणि कौशल्याबाईंना शांतपणे पुढचं विचारलं. जे कळलं ते असं. रूपराव पुलगावच्या कापड गिरणीत लागला होता, एकोणिसाव्या वर्षी. काही महिन्यांत घरी आला तो यंत्रं माझं नाव घेतात म्हणत. शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला, मग त्याला गोठ्यात ठेवलं. पायात साखळी होती. हे चार वर्षं चाललं. एका वैशाखात ताप आला आणि तीन दिवसांत तो गेला. कौशल्याबाईंनी हे सांगताना एकदाही आवाज चढवला नाही. धाकटा केशव त्याला भाकर नेऊन द्यायचा, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

सुमतीनं आधी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना ती शिक्षिका उरली नव्हती. थोबाडीत मारल्यानं हा आजार होतो का?

डॉक्टर म्हणाल्या, नाही. आईच्या वागण्यानं स्किझोफ्रेनिया होत नाही. एके काळी मोठमोठे डॉक्टरही आईलाच दोषी धरत होते, आणि ते साफ चुकीचं निघालं. मग त्यांनी समजावून सांगितलं. याचं मूळ मेंदूत असतं आणि त्याची तयारी बहुधा आजार दिसायच्या कितीतरी आधी झालेली असते. कुठलं एक जनुक त्याला कारण नाही. शेकडो जनुकं आहेत आणि प्रत्येक जनुक थोडा थोडा भार टाकतं. त्यात कधी गर्भातल्या वाढीत आलेला अडथळा, कधी बाळंतपणातली गुंतागुंत, कधी गांजा, कधी मोठा ताण यांची भर पडते. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन आहे, कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली नाही ही खूण तेच करतं. त्याचा तोल गेला की साध्या पंख्यालाही अर्थ चिकटतो. पंखा फिरतो तो माझ्यासाठी फिरतो, असं त्या माणसाला अगदी आतून वाटतं. गोळ्या काम करतात त्या तिथंच.

सुमतीला मास्तरकी सोडवेना. तिनं विचारलं, मग काकाचं ते पुतण्यात उतरलं, वाटाण्याच्या रंगासारखं? डॉक्टरांनी मान हलवली. इतकं सरळ नाही. अगदी सारखी दिसणारी जुळी भावंडं घेतली, एकाला हा आजार असला, तर दुसऱ्याला तो निम्म्या वेळाही होत नाही. रक्त सारखं असूनही. काका असल्यानं धोका वाढतो, पण असे काका असलेले बहुतेक पुतणे धडधाकट राहतात. मग कोट्याला पाठवलं नसतं तर? इथंही डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. कदाचित उशिरा दिसला असता, म्हणाल्या, कदाचित दिसलाही नसता, हे छातीवर हात ठेवून कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या दिवशी स्टेशनवर जे झालं ते कारण नव्हे. आणि एक नक्की सांगता येतं, गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं असतं.

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. पण सुमतीनं वळून केशवरावांकडे पाहिलं, आणि ते खाली फरशीकडे पाहत होते.

घरी येताना ऑटोत निशांत पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता, दंडावर कापूस धरून. सुमतीच्या डोक्यात नुसता कल्लोळ होता. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बारा वर्षं जे गणित चुकत नव्हतं ते आज चुकीचं ठरलं होतं, कारण त्यातला एक आकडा तिच्यापासून लपवला होता. पण सुटका कुठली, तिला तर आपण रस्त्यात लुटले गेलो आहोत असं वाटत होतं, आणि लुटणारा मांडीला मांडी लावून शेजारीच बसला होता.

दुपारी निशांत झोपल्यावर ती स्वयंपाकघरात केशवरावांसमोर जाऊन बसली. केशवरावांनी समोरचं ताट बाजूला केलं. कौशल्याबाई दाराशी भिंतीला टेकून होत्या.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," केशवराव म्हणाले. "थो पायरीवर बसला न, तवाच."

मग ते तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले. मायनं सगळ्यांना शपथ घातली होती. घरात असा माणूस होता हे कळलं तर केशवला कोणी पोरगी देणार नाही. म्हणून परिक्रमा. शपथ लग्नापुरती होती खरी, पण लग्न झाल्यावर सांगायचं कसं? मग निशांत झाला, मग सांगायची गरजच उरली नाही असं वाटलं. आणि ज्या दिवशी गरज उरली, त्या दिवशी जीभच उचलली नाही. नाव घेतलं तर आपल्याही पोराचं तसंच होईल, असं त्यांना वाटायचं. डॉक्टरची भीती वाटायची ती याच्यामुळंच. डॉक्टर विचारील आणि आपल्या तोंडून निघून जाईल.

सुमती ऐकत होती. तिचा स्वभाव फटकळ, पण त्या वेळी तिचे शब्द फार हळू बाहेर आले.

"बारा वर्षं मी उपाशी बसली अन् तुम्ही माह्यासमोर जेवले. थापड माही होती. थे दीड वर्ष तुमचं आहे."

केशवरावांनी मान डोलावली. नाकारलं नाही. त्यांचं ते कबूल करणंही तिला सहन होईना, वाटलं यांनी भांडावं, आवाज चढवावा, म्हणजे आपल्यालाही ओरडता येईल.

तेवढ्यात दाराशी बसलेल्या कौशल्याबाईंना काही आठवलं. म्हाताऱ्या माणसाला जसं अर्धवट आठवतं आणि तो ते बोलून मोकळा होतो, तसं त्या बोलल्या. निशांत कोट्याहून आला त्या साली केशव तळेगावला येऊन गोठ्यातली साखळी घेऊन गेला होता, आपण विचारलं तर काही सांगितलं नाही.

आतल्या खोलीत सुमतीचा मुलगा झोपला होता. त्याचे उघडे पाय तिला इथून दिसत होते. ती उठूनच उभी राहिली.

"कायले नेली होती साखळी?"

केशवराव म्हणाले, "पुलगावले उतरलो, पुलावर गेलो, वर्धा नदीत टाकून देली. निशांतनं त्या दिवशी मले ढकललं होतं. साखळी तिथं गोठ्यात आहे हे मले माहीत होतं. राह्यली असती त मी वापरली असती, सुमती."

हे ऐकून सुमतीनं तोंडावर पदर धरला. रागाला आता जागा उरली नव्हती असं नाही, राग होताच, तो पुढंही राहिला. पण समोर बसलेल्या साठी उलटलेल्या माणसात तिला पहिल्यांदाच चौदा वर्षांचं पोर दिसलं, हातात भाकर घेऊन गोठ्याच्या दारात उभं. त्याला त्या दारातून आत काय दिसत असेल, हे मनात आलं. आपण ज्या घरात सून म्हणून आलो, पुरणपोळ्या केल्या, त्या घराच्या मागच्या बाजूला हे झालं होतं. त्या संध्याकाळी ती केशवरावांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

निशांतला सांगायचं की नाही यावर घरात वाद झाला नाही, कारण सुमतीनं कोणाला विचारलंच नाही. या घरात न सांगण्याचं जे झालं ते पुरे झालं, असं म्हणून तिनं त्याला सगळं सांगितलं, साखळीसकट आणि आपल्या उपाशी राहण्याच्या नेमासकट. निशांत ऐकत राहिला. त्याला नव्या औषधानं झोप येत होती, मधूनच डोळे मिटायचा, सुमतीला वाटायचं त्याचं लक्ष नाही. सगळं संपल्यावर त्यानं विचारलं, त्या काकाला गोळ्या होत्या का? केशवराव म्हणाले, असतील कुठं तरी, आपल्या घरापर्यंत कोणी आणल्या नाहीत. निशांतनं मान डोलावली. मग आईकडे वळून म्हणाला, तू माझ्या आधी जेवत का नव्हतीस ते मला आज कळलं, मला वाटायचं जेवणात काही आहे म्हणून तू थांबतेस.

सुमती ते ऐकून अक्षरशः गार पडली. बारा वर्षं ती त्याच्यासाठी उपाशी राहिली आणि त्या उपाशी राहण्यानंच पोराच्या मनातला विषाचा संशय जिता ठेवला होता. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कोणाला विचारलं नव्हतं.

अक्षय तृतीया आली. सुमतीनं कुंभाराकडून तीन घागरी आणल्या, या वेळी तिन्ही सारख्या आकाराच्या. पुरण शिजलं, रस काढला, चिंचवणी झाली. पत्रावळीवर घागरी मांडल्या. सासऱ्यांचं नाव घेऊन एक भरली, सासूबाईंचं नाव घेऊन दुसरीही भरली. तिसऱ्या घागरीजवळ निशांत येऊन बसला. मी भरतो, म्हणाला. कळशी उचलून त्यानं पाणी ओतलं, थोडं बाहेर सांडलं. मग त्यानं विचारलं की काय म्हणायचं.

सुमतीनं केशवरावांकडे पाहिलं आणि समोरचं दार सताड उघडलं. शेजारचे अंगणात होते, रस्त्यानं माणसं जात-येत होती. नाव घ्या, ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत त्या नावानं केशवरावांच्या घशाची वाट धरली नव्हती. कौशल्याबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रूपराव," केशवराव म्हणाले. मग मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं, "रूपराव गोविंदराव देवतळे. माहा भाऊ."

निशांतनं ते नाव जसंच्या तसं म्हटलं आणि घागरीवर आंबा ठेवला. आंबा घसरला, त्यानं पुन्हा नीट बसवला. मग घागरीकडे बघतच तो आईला म्हणाला,

"पुढं माही भरसान, तवा नाव घेऊन भरजा."

तुझी घागर भरायची वेळ माझ्यावर येणार नाही, असं काहीतरी म्हणायला सुमतीनं तोंड उघडलं, पण ते खोटं धीराचं बोलणं तिच्या तोंडून निघेना. या घरात तसलं बोलणं फार झालं होतं. ती हो म्हणाली. मग पाट ओढून बसली, समोर पान वाढून घेतलं, आणि निशांतच्या देखत, त्याच्या आधी, पुरणपोळीचा घास तोडून तोंडात घातला. घास गिळताना तिला फार त्रास झाला. निशांत टक लावून बघत होता. तिनं गिळला, दुसरा तोडला, तेव्हा त्यानं आपलं पान तिच्या शेजारी मांडलं.